वस्ती बदलली म्हणून ग्रीन्स पडले? मेलबर्नचा हिशेब वेगळा आहे

मे 2025 च्या ऑस्ट्रेलियातल्या संसदीय निवडणुकीपासून एक मजकूर आमच्या इथल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. आता तो पुण्याच्या नातेवाइकांकडूनही मला परत येतो. त्याचा सारांश असा: मेलबर्न शहराच्या मतदारसंघातली जुनी वस्ती गेली, तिथे बड्या पगाराचे आणि परदेशातून आलेले लोक राहायला आले, त्यांना पर्यावरणाशी काही देणंघेणं नाही, म्हणून ग्रीन्स या पर्यावरणवादी पक्षाचे तेव्हाचे नेते अ‍ॅडम बँड्ट स्वतःच्याच जागेवर हरले, आणि आता शहरात हा पक्ष संपल्यात जमा आहे.

मी याच मतदारसंघात, केन्सिंग्टनमध्ये, भाड्याच्या घरात राहते. कुठल्या पक्षाची सभासद नाही. पण माझ्या घरभाड्याबद्दल आणि इथल्या वाढत्या उन्हाळ्याबद्दल संसदेत कोण बोलणार, हे अशा निवडणुकीत ठरतं. म्हणून चुकीचं कारण खरं म्हणून पसरताना गप्प बसवत नाही.

"जुनी वस्ती गेली, म्हणून ग्रीन्स गेले." ही जागा 1904 पासून 2010 पर्यंत सलग लेबर (मजूर) पक्षाकडे होती. रिचमंड, कॉलिंगवुड, फिट्झरॉय हे कारखान्यांचे आणि कामगारांचे भाग. महायुद्धानंतर ग्रीक आणि इटालियन कुटुंबं आली, पुढे व्हिएतनामी आली. मग कारखाने बंद झाले, गोदामांचे फ्लॅट झाले, विद्यापीठात शिकणारे-शिकवणारे आणि तरुण नोकरदार राहायला आले. ग्रीन्स वर आले ते या बदलाबरोबरच. 2007 मध्ये बँड्ट दुसऱ्या क्रमांकावर पोचले आणि 2010 मध्ये जिंकले. म्हणजे ज्या बदलाने पक्षाला वर आणलं, त्याच बदलाने त्याला पाडलं असं हा मजकूर म्हणतो. मध्ये नेमकं काय उलटलं, ते मात्र कुठेच सांगत नाही.

"परदेशातून आलेल्यांनी पाडलं." इथे मत फक्त नागरिकांना आहे. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना नाही, कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळालेल्यांनाही नाही. शहराच्या मध्यभागी जे उंच टॉवर उभे राहिले, त्यातल्या कितीतरी खोल्यांमध्ये विद्यार्थी राहतात. जनगणनेत ते दिसतात, मतदार यादीत नसतात. आमच्या खालच्या मजल्यावर सांगलीचा एक मुलगा राहतो, इथे एमएस करतो. मतदानाच्या दिवशी तो माझ्याबरोबर शाळेपर्यंत आला आणि कुंपणाबाहेर उभा राहिला. "ताई, भाडं मी पण भरतो, पण इथे आत यायचं काम नाही माझं," म्हणाला. त्याच्यासारख्यांना पराभवाचं कारण ठरवणं अन्यायाचं आहे.

मग हरले कसे? या मजकुरात मोजणीच्या पद्धतीबद्दल अक्षरही नाही आणि खरी गोम तिथेच आहे.

कनिष्ठ सभागृहाची मतपत्रिका हिरव्या रंगाची असते (रंगाचा पक्षाशी संबंध नाही). एका नावावर शिक्का मारून भागत नाही. प्रत्येक उमेदवारापुढे 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहावे लागतात. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील, तर सगळ्यांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं त्या मतदारांच्या पुढच्या पसंतीकडे जातात. शेवटी दोघं उरेपर्यंत हे चालतं. शाळेच्या दाराशी प्रत्येक पक्षाचे स्वयंसेवक उभे असतात आणि आपल्या मतदारांनी कुठले आकडे कुठे घालावेत याचं कार्ड हातात देतात. त्या दिवशी मला मिळालेलं लिबरल या उजव्या पक्षाचं कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यात लेबर वर आहे, ग्रीन्स खाली.

आता दोन निवडणुका शेजारी ठेवा. 2010 मध्ये पहिल्या पसंतीत लेबरला सुमारे 38 टक्के आणि बँड्ट यांना सुमारे 36 टक्के मतं होती. बँड्ट मागे होते. पण लिबरल पक्षाच्या कार्डावर तेव्हा ग्रीन्स लेबरच्या वर होते, ती मतं त्यांच्याकडे आली आणि ते 56 टक्क्यांवर जिंकले. 2025 मध्ये बँड्ट यांना 40 टक्क्यांच्या जरासं आत मतं पडली, लेबरच्या सारा विट्टींना 31 टक्क्यांच्या आसपास. या वेळी बँड्ट चांगलेच पुढे होते. पण तिसऱ्या क्रमांकावरच्या लिबरलची मतं बहुतांशी लेबरकडे वळली आणि विट्टी साधारण 53 विरुद्ध 47 ने जिंकल्या. बँड्ट यांनी ही जागा जिंकण्याला एव्हरेस्ट म्हटलं होतं, ते यासाठीच. 2013 मध्ये लिबरलने असंच कार्ड काढलं होतं, तरी ते तगले, कारण पहिल्या पसंतीतच जवळजवळ 43 टक्के होते.

ब्रिस्बेन शहरातल्या ग्रिफिथ मतदारसंघातही हेच झालं. 2022 मध्ये तिथे लेबर तिसरा आला, त्याची मतं ग्रीन्सकडे गेली आणि मॅक्स चँडलर-माथर निवडून आले. 2025 मध्ये तिसरा क्रमांक उजव्या पक्षाचा लागला आणि त्याची मतं लेबरकडे गेली. तिसरा कोण येतो, यावर तिथली जागा फिरली.

दुसरी गोष्ट हद्दीची. 2024 मध्ये फेररचना झाली. उत्तरेकडचे कार्लटन नॉर्थ आणि फिट्झरॉय नॉर्थ, म्हणजे ग्रीन्सचे बालेकिल्ले, शेजारच्या विल्स मतदारसंघात गेले. मेलबर्न मतदारसंघाने पहिल्यांदा यारा नदी ओलांडली आणि साऊथ यारासारखा भाग घेतला, जिथे लिबरलची मतं जास्त. 2022 मध्ये बँड्ट यांची पहिली पसंती जवळजवळ 50 टक्के होती. तीच मतं नव्या हद्दीवर मांडली तर सुमारे 45 भरतात. म्हणजे जी दहाएक टक्के घट दिसते, तिच्यातली निम्मी कागदावरच्या रेषेने केली. माझी एक मैत्रीण कार्लटन नॉर्थमध्ये राहते. घर तेच, पोस्टाची पेटी तीच. या वेळी तिच्या मतपत्रिकेवर बँड्ट यांचं नावच नव्हतं.

उरलेली निम्मी घट मात्र खरी आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. पाचेक टक्के लोक पक्षापासून दूर गेले. घरांच्या विधेयकांना ग्रीन्सनी महिनोन् महिने अडवून धरलं, हे लेबरने दारोदार सांगितलं आणि ते पटलंही. फेब्रुवारी 2025 मध्ये प्राहरानची राज्य विधानसभेची पोटनिवडणूक पक्षाने गमावली होती. लेबरने उमेदवारच दिला नव्हता आणि जागा लिबरलकडे गेली. तो इशारा होता.

"पक्ष संपला" हे तर आकड्यांपुढे टिकतच नाही. देशभरात ग्रीन्सना 12 टक्क्यांच्या थोडी वर मतं पडली, 2022 मध्येही तेवढीच होती. कनिष्ठ सभागृहातल्या जागा मात्र चारवरून एकावर आल्या. सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, मतांच्या प्रमाणात जागा मिळतात, तिथे त्यांनी सहाही राज्यांत एकेक जागा राखली. आणि विल्समध्ये ग्रीन्सच्या समंथा रत्नम यांच्याविरुद्ध लेबरचे पीटर खलील शेवटच्या मोजणीत 51 टक्क्यांच्या जरासं वर राहून जेमतेम तगले. त्या मजकुरात विल्सचा उल्लेखही नाही.

पुढे काय, याचं उत्तर मला तरी पर्यावरण विरुद्ध वस्ती असं दिसत नाही. इथे निम्म्याहून जास्त घरं भाड्याची आहेत. फ्लेमिंग्टन आणि नॉर्थ मेलबर्नमधले सरकारी घरांचे टॉवर, जुलै 2020 मध्ये कोविडच्या टाळेबंदीसाठी पोलिसांनी एका दुपारी वेढलेले, तेही याच मतदारसंघात येतात. असे शहरातले सगळे 44 टॉवर 2051 पर्यंत पाडायचे, हे राज्य सरकारने 2023 मध्ये जाहीर केलं. त्यातली माणसं कुठे जाणार, नवीन इमारतीत त्यांना परत जागा मिळणार का, हा प्रश्न ग्रीन्सने लावून धरला आहे. त्या जिन्यांवर वर्षभर कोण चढतं आणि साऊथ याराच्या भाडेकरूंपर्यंत कोण पोचतं, त्यावर पुढचा निकाल ठरेल. फिरवायची आहेत ती शंभरातली तीन मतं.