पुढारी बाजूला केले की वीज येते?

ग्रामीण ऊर्जेचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे सरकवला जातो. गोषवारा असा: गावाकडचे वीजप्रकल्प पैसा नाही किंवा तंत्रज्ञान नाही म्हणून रखडत नाहीत, स्थानिक पुढाऱ्यांमुळे रखडतात. त्यांना विजेतलं ओ की ठो कळत नाही. लोकांना भडकवणारे तेच, आणि परवानगी म्हणजे त्यांच्या हातातलं अडवणुकीचं हत्यार. सगळे परवाने वरून, एका खिडकीतून द्या. गावं आपोआप उजळतील.

गावपुढाऱ्यांची वकिली करायची मला हौस नाही. त्यांच्यातले नग सगळ्यांनीच पाहिलेत. पण हा दावा मुद्दा मुद्दा करून तपासला की बराचसा उसवतो, आणि जिथे खरा ठरतो तिथेही इलाज भलताच सुचवतो.

आधी रखडण्याचं पाहू. केनियात तुर्काना सरोवराजवळ 365 पवनचक्क्यांचा, 310 मेगावॅटचा प्रकल्प 2017 मध्ये बांधून तयार झाला. वारा होता, पाती होती, वीज वाहून न्यायला वाहिनीच नव्हती. चारशेहून अधिक किलोमीटरची ती पारेषण वाहिनी पुरी झाली सप्टेंबर 2018 मध्ये. ते काम देशपातळीवरचं होतं. तोवर पवनचक्क्या नुसत्या उभ्या होत्या. यात कोणत्या गावपुढाऱ्याने काय अडवलं?

इंग्लंडचं उदाहरण दावा करणारे उत्साहाने देतात: स्थानिकांना नकाराधिकार मिळाला आणि जमिनीवरच्या पवनचक्क्या थांबल्या. थांबल्या, हे खरं. पण तो नियम जून 2015 मध्ये लंडनच्या सरकारने केला. स्थानिक आराखड्यात जागा नमूद हवी आणि आसपासच्या लोकांच्या हरकती मिटलेल्या हव्यात, तरच परवानगी. ज्या स्थानिक संस्थांना पवनचक्क्या हव्या होत्या त्यांचेही हात त्याने बांधले. काहींना तो सोयीचा वाटला, हेही मान्य. पण नाव गावाचं आणि हुकूम राजधानीचा, असा तो प्रकार होता. जुलै 2024 मध्ये नव्या सरकारने तो काढून टाकला, तोही राजधानीतूनच.

'काही कळत नाही' हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. तमिळनाडूतल्या कोइंबतूर जिल्ह्यातली ओडनथुराई ग्रामपंचायत घ्या. पाणी उपसण्याचं आणि पथदिव्यांचं वीजबिल पंचायतीला जड जात होतं. म्हणजे सुरुवात पर्यावरणाच्या भाषणाने झाली नाही, बिलाने झाली. आधी पाणी उपसायला टाकाऊ लाकडापासून जळणवायू करणारं यंत्र, म्हणजे गॅसिफायर, बसवला. मग 2006 मध्ये पंचायतीने 350 किलोवॅटची स्वतःची पवनचक्की घेतली. खर्च 1 कोटी 55 लाख रुपये, त्यातला मोठा हिस्सा बँकेच्या कर्जाचा. आपल्या हद्दीतच हवी असा हट्ट न धरता वारा चांगला मिळतो अशा दुसऱ्या ठिकाणी ती उभी केली. गरजेपुरती वीज आपल्या खाती, उरलेली वीज मंडळाला विकायची, आणि त्यातून हप्ते फेडायचे. याला विजेचं ज्ञान म्हणायचं की हिशेबाचं? माझ्या मते स्थानिक कारभाऱ्याला दुसरं आलं तरी पुरतं. पहिल्यासाठी अभियंता नेमता येतो.

डेन्मार्कमधल्या साम्सो बेटाने घेतलेला घास तर याहूनही मोठा होता. सुमारे चार हजार वस्ती. 1997 मध्ये बेटाने सरकारची स्पर्धा जिंकली: दहा वर्षांत स्वतःच्या अक्षय ऊर्जेवर यायचं. जमिनीवर अकरा पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यातल्या बहुतेक शेतकऱ्यांच्या मालकीच्या. मग समुद्रात दहा, आणि त्यातल्या पाच थेट नगरपालिकेच्या. एवढ्याशा नगरपालिकेने समुद्रातल्या पवनचक्क्यांचा बोजा डोक्यावर घ्यायचा, हे धाडस राजधानीतल्या कुठल्या खिडकीत झालं नसतं.

आता 'भडकवणारे तेच'. मेक्सिकोत वाहाका राज्यातल्या किनारपट्टीवर 132 पवनचक्क्यांचा, 396 मेगावॅटचा प्रकल्प ठरला होता. सान दिओनिसिओ देल मार या गावचा नगराध्यक्ष विरोधात नव्हता. उलट परवानगी त्यानेच दिली होती. भडकले ते लोक, आणि त्याच्यावरच. मासेमारी आणि सामाईक जमीन यांचा प्रश्न होता, आणि विचारलं कोणी नव्हतं. 2012 मध्ये लोकांनी नगरपालिकेची इमारत ताब्यात घेतली. प्रकल्प तिथे कधीच झाला नाही.

इथे दाव्याच्या उलट टोकाला जाणाऱ्यांनाही थांबवायला हवं. पुढाऱ्याची सही म्हणजे गावाची संमती नव्हे. वर सांगितलेल्या तुर्काना प्रकल्पाला दीड लाख एकर जमीन दिली ती तिथल्या कौंटी कौन्सिलनेच, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेनेच. 2021 मध्ये तिथल्या न्यायालयाने निकाल दिला की सामाईक जमिनीसाठी कायद्याने घालून दिलेली पद्धत पाळलीच नव्हती, म्हणून ते मालकीहक्क गैर आहेत. म्हणजे पुढारी अडवतात तेव्हा ओरड होते, आणि पुढारी फार लवकर हो म्हणतात तेव्हा कोणी विचारत नाही. खरं तर या दुसऱ्या प्रकाराची धास्ती जास्त घ्यायला हवी. नकारामुळे झालेला उशीर दिसतो तरी. घाईतल्या होकाराचा खटला प्रकल्प उभा राहिल्यावर येतो.

राहिला अडवणुकीचा आणि टक्केवारीचा मुद्दा. होतं असं, नाकारण्यात अर्थ नाही. पण कशामुळे होतं? गावाच्या वाट्याला फक्त धूळ, रस्ता उखडणं आणि एक ना-हरकत दाखला येतो. विकण्याजोगी गोष्ट तेवढीच असेल तर कोणीतरी ती विकणारच. याची दुसरी वाट काही देशांनी काढली आहे. जर्मनीच्या अक्षय ऊर्जा कायद्यात 2021 पासून तरतूद आहे: पवनचक्कीपासून अडीच किलोमीटरच्या आतल्या नगरपालिकांना प्रकल्पवाल्याने दर युनिटमागे 0.2 युरो सेंटपर्यंत रक्कम देऊ करता येते. आणि गंमत म्हणजे त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय की असा करार फौजदारी कायद्याच्या अर्थाने लाच धरला जाणार नाही. ही भीती कायदा करणाऱ्यांनाही होती तर! पैसा टेबलाखालून न जाता अंदाजपत्रकात आला, की त्यावर प्रश्न विचारता येतो. फिलिपिन्समध्ये वीजप्रकल्प ज्या भागात आहे तिथल्या लोकांसाठी युनिटमागे एक सेंटाव्हो, म्हणजे पेसोचा शंभरावा भाग, राखून ठेवतात. डेन्मार्कने 2009 पासून काही वर्षं निराळाच नियम चालवला: पवनचक्कीतले किमान 20 टक्के शेअर आसपासच्या रहिवाशांना आधी विकायला काढा. सगळं सुरळीत झालं असं नाही. शेअर घ्यायला हाताशी पैसे लागतात आणि ते सगळ्यांकडे नसतात.

शेवटचं, 'वरून द्या, आपोआप उजळेल'. बिहारमधल्या धरनईत 2014 मध्ये एका बाहेरच्या संस्थेने 100 किलोवॅटचं सौर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरतं वीजजाळं, उभारलं. तीस वर्षं अंधारात काढलेलं गाव, मोठा गाजावाजा. माजी मुख्यमंत्री नितीश कुमार उद्घाटनाला आले तेव्हा गावकऱ्यांची मागणी होती: आम्हाला 'असली बिजली' द्या. लवकरच मुख्य ग्रिड पोचलं, त्याचा दर कमी होता, लोक तिकडे वळले. पुढे बॅटऱ्या संपल्या आणि मायक्रोग्रिड बंद पडलं. दर कोणी ठरवायचा, बॅटरी बदलायचे पैसे कोणत्या खात्यातून यायचे, ग्रिड आल्यावर या पॅनेलांचं काय, हे प्रश्न उद्घाटनाच्या फितीनंतरचे. ते वरून सुटत नाहीत, कारण वरचे लोक तोवर पुढच्या गावी गेलेले असतात.

उलट, वरून आलेला पैसा जिथे चांगला लागला तिथली गोष्ट पाहा. 1930 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत दहांतल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती. खाजगी कंपन्यांना एवढ्या लांब तारा ओढणं परवडत नव्हतं. 1936 च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्याने कर्ज केंद्राने दिलं, पण ते घेतलं प्रामुख्याने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी. सभासद जमवणं, तारा ओढायला शेजाऱ्यांकडून जमिनीतून वाट मिळवणं, बिलं वसूल करणं, सगळं त्यांच्याकडे. वीसएक वर्षांत बहुतेक शेतघरं उजळली, आणि त्यातल्या कितीतरी संस्था सभासदांनी निवडलेल्या संचालकांच्या हाताखाली आजही वीज पुरवताहेत.

एक खिडकी मला नको आहे असं नाही. ग्रिडची जोडणी, विमानवाहतुकीचा दाखला, यंत्रांच्या सुरक्षेची तपासणी, हे जरूर एका जागी आणा. तिथे फाइल पडून राहण्यात कोणाचंच भलं नाही. जमीन कोणाची, रस्ता कुठून, उत्पन्नातला वाटा किती, हे मात्र गावात बसूनच ठरवावं लागेल, आणि त्या बैठकीत पुढारी असतीलच. नग असले तरी.