अहिराणी कन्नडचा घाट चढते

"अहिराणीत काढलेली फिल्म कन्नडचा घाट चढत नाही." गेले दोन महिने जळगाव-धुळ्याकडच्या हौशी फिल्मवाल्यांच्या वादात हे एक वाक्य फिरून फिरून येतंय. अहिराणी ही खानदेशची बोली, आणि कन्नडचा घाट म्हणजे चाळीसगावहून कन्नड गावाकडे चढणारा, खानदेशाबाहेर नेणारा घाट. थोडक्यात, बोलीतली फिल्म खानदेशाबाहेर जात नाही. निमित्त एका स्थानिक लघुपट स्पर्धेच्या नियमाचं. भाषा प्रमाण मराठी, हिंदी किंवा इंग्रजी. बोलीतल्या फिल्म वेगळ्या गटात, आणि त्या गटाला रोख बक्षीस नाही. आयोजक म्हणतात, परीक्षक पुण्या-मुंबईहून येतात, त्यांना कळलं पाहिजे. शिवाय पुढे मोठ्या महोत्सवांत जायचं तर पोरांना आतापासूनच सगळ्यांना समजेल अशा भाषेची सवय लागलेली बरी. याला विरोध केला की उत्तर ठरलेलं: "तुम्ही जर्मनीत बसून बोलता, तुमचं काय जातं?"

काय जातं ते शेवटी सांगते. आधी घाटाचं.

मी जर्मनीत, रूरच्या औद्योगिक पट्ट्यात राहते. लघुपट महोत्सवांना आलेल्या प्रती आणि सबटायटल तपासायचं काम करते. खानदेशातून कुणी फिल्म पाठवली तर ती आधी डोळे मिटून ऐकते, कारण आपल्या फिल्म आवाजात अडतात. भाषेपाशी अडलेली एकही मी पाहिलेली नाही. निवड करणारे लोक एका दिवसात कोरियन, फारसी, पोर्तुगीज, वोलोफ ऐकतात. त्यांना अहिराणी आणि प्रमाण मराठी दोन्ही सारख्याच अनोळखी. प्रमाण मराठीत बोलल्याने त्यांना एक शब्दही जास्त कळत नाही. मग ही सवय पोरांना कोणासाठी लावायची?

एस्टोनियाची लोकसंख्या चौदा लाखांच्या आत आहे. २०११च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे सुमारे १८ लाख नोंदले गेले, त्यात बहुतेक अहिराणीवाले. एस्टोनियन लघुपट सबटायटल लावून जगभर जातात आणि 'आधी रशियन किंवा इंग्रजीत काढा' असं त्यांना कुणी सांगत नाही. त्यांच्यामागे सरकारचा पैसा आहे, हे खरं. पण आपला वाद पैशाचा नव्हता, भाषेचा होता. इथे जर्मनीत उत्तरेकडच्या लो जर्मनला १९९९पासून प्रादेशिक भाषा म्हणून संरक्षण आहे. स्वित्झर्लंडच्या बोलीतली फिल्म इथल्या महोत्सवात लागते तेव्हा खाली सबटायटल असतात, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. आपल्याकडे मात्र भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सनने १९०७च्या खंडात खानदेशीला भिली भाषांबरोबर वेगळं मांडलं त्याला शंभरावर वर्षं झाली, तरी स्पर्धेच्या फॉर्मात तिला चौकट मिळत नाही.

आता आवाज.

खानदेशात शूटिंग बहुधा एप्रिल-मेमध्ये निघतं, कारण पोरांना सुट्टी असते आणि शेतं मोकळी. तेव्हा ४४-४५ अंश. घरात पंखा लागतोच आणि तो प्रत्येक संवादाच्या खाली घुमत राहतो. नंतर संगणकावर तो पुसायला गेलं की माणसाचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. पंखा टेकपुरता बंद करायचा, टेक दोन मिनिटांच्या वर न्यायचा नाही, आणि कट म्हटलं की पंखा आधी, चर्चा नंतर. मळ्यातल्या प्रसंगाला पाण्याच्या पंपाच्या मोटारी आड येतात. शेतीची लाइट त्या आठवड्यात दिवसपाळीला आहे की रातपाळीला, हे लायनमनला विचारूनच मळ्यातले संवाद लावावेत. दिवसपाळी असेल तर त्या आठवड्यात तिथे बिनसंवादाचे शॉट घ्या.

कॅमेऱ्यावरचा माइक संवादासाठी वापरू नये. तो चार मीटरवर असतो आणि संवादाला माइक तोंडापासून अर्ध्या मीटरच्या आत लागतो. बूम, म्हणजे माइकची लांब काठी, धरायला एक माणूस ठेवा, त्याला दुसरं काम देऊ नका. वाऱ्यासाठी माइकवर केसाळ टोपरं हवंच; पश्चिमेचा वारा सुटला की नुसता फोम पुरत नाही. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प उभं करून ६० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांमधलं भोक त्यानेच बुजतं. एखादं वाक्य बिघडलं तर ते 'डबिंगला बघू' म्हणून सोडू नका. गावातली माणसं स्टुडिओत काचेमागे उभी राहिली की शाळेतला धडा वाचतात. तिथेच, त्याच खोलीत, कॅमेरा बंद करून तेच वाक्य तीनदा बोलून घ्या. त्यातलं एक ओठांवर बसतं.

मोबाइलवर काढत असाल तर आणखी एक. बहुतेक फोन फ्रेमचा वेग स्वतःच कमी-जास्त करतात. वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज पहिल्या मिनिटाला जुळतो आणि दहाव्याला ओठांच्या मागे पडतो. वेग पक्का धरणारं ॲप वापरा. काढून झालं असेल तर एडिटिंगच्या आधी सगळ्या क्लिप स्थिर वेगात बदलून घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून २४ फ्रेमवर काढताना शटर १/५० ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट फडफडते. कॅमेऱ्यावर पांढरी छत्री धरा, काळी नको. मागचा स्क्रीन अंगापासून उघडून ठेवला तर आतली उष्णता थोडी बाहेर पडते. तरी उन्हात फोर-के लावून वीस-पंचवीस मिनिटांत कॅमेरा बंद पडलाच, तर तो बिघडलेला नाही, तापलाय. सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढाच दिवस आपला.

मिक्सिंगमध्ये तर सगळे घसरतात. यूट्यूबसाठी उणे १४ एलयूएफएसला (आवाज किती मोठा हे मोजायचं एकक) बसवलेला आवाज थिएटरात किंचाळतो. सिनेमासाठी संवाद उणे २७च्या आसपास हवेत. महोत्सवात एका खेळात सहा फिल्म असतात. एक किंचाळली की ऑपरेटर आवाजाचं बटण ७ वरून साडेचारवर आणतो, आणि पुढच्या फिल्ममधली आजी काय पुटपुटली ते कुणालाच ऐकू येत नाही. संवाद मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलला पाठवा. नुसता स्टिरिओ दिला तर डाव्या कोपऱ्यातल्या प्रेक्षकाला पडद्याच्या मधोमध उभा असलेला माणूस डाव्या भिंतीतून बोलताना ऐकू येतो.

थिएटरसाठी डीसीपी, म्हणजे तिथल्या प्रोजेक्टरवर चालणारी डिजिटल प्रत, लागतो. तो डीसीपी-ओ-मॅटिक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घरी होतो. वीस मिनिटांच्या फिल्मला साध्या लॅपटॉपवर रात्रभर लागू शकते. २५ फ्रेमवर काढलं असेल तर ते तसंच ठेवून 'स्मप्टे' या नव्या मानकाचा डीसीपी करा. २४ वर ओढला तर फिल्म चार टक्के हळू होते आणि बाईचा आवाज जड येतो. हार्ड डिस्क पाठवायच्या आधी जळगाव, धुळे, नाशिक कुठल्याही थिएटरमालकाला विनंती करून सकाळच्या पहिल्या खेळाआधी एकदा लावून बघा. तिकीट लावून चालवायची असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. महोत्सवांना मंत्रालयाकडून सूट मिळते आणि ती आयोजकांनी घ्यायची असते.

लांबी हा विषय भावनेचा होतो, म्हणून आकडे देते. फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेत १५ मिनिटं, बर्लिनच्या बर्लिनाले महोत्सवात ३०, ऑस्करमध्ये ४०, आणि हे सगळं श्रेयनामावलीसकट. आपल्या फिल्म २६-२८ मिनिटांच्या असतात, कारण शेवटी आभारच तीन मिनिटं चालतात. दीड तासाच्या खेळात २८ मिनिटांची एक फिल्म घ्यायची तर दुसऱ्या दोन सोडाव्या लागतात. निवड करणारा हा हिशोब प्रत्येक वेळी करतो. आणि गावातल्या लोकांना दाखवायच्या घाईत फिल्म आधीच यूट्यूबवर टाकली, तर पहिल्या प्रदर्शनाची अट असलेले महोत्सव तिथेच संपले. गावाला चावडीवर, पडदा बांधून दाखवा. त्याने कुठली अट मोडते का, ते नियमावलीत वाचून घ्या. बहुतेक ठिकाणी मोडत नाही.

आता ज्या गोष्टीचा मला खरा संताप येतो ती. हीच मंडळी, जी अहिराणी चालत नाही म्हणतात, ती पोस्टरवर वीस-वीस लॉरेल, म्हणजे महोत्सवात निवड झाल्याची पानांची चिन्हं, लावतात. दर महिन्याला 'आंतरराष्ट्रीय' महोत्सव भरवणाऱ्या वेबसाइटी आहेत. त्यांना थिएटर नसतं, प्रेक्षक नसतो, निवड समितीची नावं नसतात. गट साठ-सत्तर असतात, म्हणजे कुणीच रिकाम्या हाताने परतत नाही. 'सेमी-फायनलिस्ट'लाही चिन्ह मिळतं, ट्रॉफी हवी असेल तर पैसे भरून मागवायची. सरासरी २५ डॉलर धरले तर अशा वीस ठिकाणचे चाळीस हजार रुपयांच्या वर जातात. कापसाच्या भावाचं रडगाणं ज्या घरात रोज चालतं, त्या घरातून हे पैसे जातात. एवढ्या पैशात पुण्याहून एक चांगला साउंड रेकॉर्डिस्ट तीन-चार दिवस आला असता. फी भरायच्या आधी एवढंच बघा: गेल्या वर्षीचं वेळापत्रक आहे का, त्यात सभागृहाचं नाव आणि खेळाची वेळ आहे का. नसेल तर तो महोत्सव झालेला नाही.

ओबरहाउझेन हे इथलं, रूरमधलं कोळशा-लोखंडाचं गाव. १९५४ साली तिथल्या प्रौढशिक्षण केंद्राने लघुपट दाखवायला सुरुवात केली, आणि १९६२ साली २६ तरुण दिग्दर्शकांनी त्याच महोत्सवात जुना जर्मन सिनेमा संपल्याचं जाहीर केलं. भुसावळला, अमळनेरला हे का होऊ नये? अमळनेरात २०२४ साली अख्खं साहित्य संमेलन झालं. एक अंधारी खोली, एक नीट प्रोजेक्टर, आणि अहिराणीला मुख्य गटात जागा, एवढ्याने सुरुवात होते.

आणि सबटायटल. घाट चढायचा तो इथे. एका ओळीत ४२ अक्षरांच्या वर नको, एका वेळी दोनच ओळी, आणि वाचायला सेकंदाला साधारण १५ अक्षरं. आधी संवाद जसे बोलले तसे देवनागरीत उतरवा, मग अहिराणीतून थेट इंग्रजी करा. मधे प्रमाण मराठी घातलं की बोली दोनदा गळते. 'भो', म्हणजे 'भाऊ', दर वेळी 'ब्रदर' म्हणून भाषांतरित करू नका. बहुतेक ठिकाणी तो गाळला तरी चालतो, कारण तो सुरात असतोच. शेवटी, फिल्म न पाहिलेल्या कुणाला तरी आवाज बंद करून नुसती सबटायटल वाचायला द्या. तो जिथे अडेल ती ओळ चुकलेली.

एक ओळ जवळून बघू. "आंडेर सासरले चालनी." म्हणजे मुलगी सासरला निघाली. बोलायला दीड सेकंद, म्हणजे इंग्रजीला फार तर २२ अक्षरं. आता 'सासर'ला इंग्रजीत काय म्हणायचं? 'हर हजबंड्स पेरेंट्स होम' यालाच मधल्या जागांसकट २७ होतात आणि वाक्य अजून सुरूही झालेलं नसतं. मग लोक 'मुलगी निघाली' एवढंच लिहितात. कुठे निघाली, हे जातं.

इथे मला ते जर्मनीत बसण्याचं उत्तर द्यावं लागतं. वर मी जर्मनीचं कौतुक केलं, त्यात एक गोष्ट सांगायची राहिली. या देशात बाहेरचा सिनेमा साध्या थिएटरात बहुतेक डब करूनच लागतो. सबटायटल वाचणारा प्रेक्षक महोत्सवांतला आणि मोजक्या थिएटरांतला. वादात मी सोयीचं तेवढं घेतलं. आणि स्पर्धेच्या त्या नियमावर मी एवढी चिडते, कारण तो नियम मी स्वतः पाळलाय. पुण्यात गेले तेव्हा अहिराणी घरी ठेवली. इथल्या महाराष्ट्र मंडळात आजही मी पुस्तकातली मराठी बोलते. माझी अहिराणी मी निघाले त्या वर्षी थांबलीये. नवा शब्द आला की आईला फोन करावा लागतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येऊन झोके घेणाऱ्या बायका फिल्ममध्ये दिसल्या की सबटायटल तपासायचं काम मला जमत नाही, ते मी दुसऱ्याकडे देते. माझं जातं ते हे. इथल्या अंधारात माझ्या घरची बोली ऐकू येण्याची एकच जागा आहे, आणि तीत तुम्ही प्रमाण मराठी घाला म्हणता.

डीसीपी करताना भाषेच्या यादीत मराठी निवडू नका. अहिराणीचा स्वतःचा तीन अक्षरी कोड आहे, एएचआर, तो निवडा. प्रवेशिकेतही भाषेसमोर अहिराणी लिहा.

आणि 'सासर'चं मी आता भाषांतर करू देत नाही. तो शब्द रोमन लिपीत तसाच ठेवायचा, पाच अक्षरं. पहिल्यांदा येतो तेव्हा पडद्यावर बैलगाडी किंवा रिक्षा, ट्रंक आणि दारात उभी असलेली माय असावी, म्हणजे दिग्दर्शकाने तो शॉट दोन सेकंद जास्त धरावा. दुसऱ्यांदा येतो तेव्हा प्रेक्षकांना तो कळलेला असतो.