शाफ्टाक मिठी

शनिवारी मुंबईच्या दारूखाना भागात, होड्यांच्या सामानाच्या भर दुकानात एका अनोळखी म्हाताऱ्याने माझी अक्कल काढली. तो दुकानदारही नव्हता, हे जास्त लागलं.

आमच्या वेसाव्याच्या होडीचा, पंख्याजवळचा शाफ्टचा बुश (पंखा फिरवणारा दांडा ज्यात फिरतो ती नळी) झिजून खलास झालाय. इंजिन सुरू केलं की मागून पाट्यावर वरवंटा आपटल्यासारखा आवाज. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे डागडुजीचे दिवस. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून खरेदीला मी. म्हणजे बँकेत खुर्ची झिजवणारा.

"नायलॉनचा दांडा द्या," मी ऐटीत म्हणालो. "लेथवर बुश काढून घेतो. स्वस्तात होतं."

कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यावर कटिंग घेऊन बसलेले आजोबा हलले. "नायलॉन? मेल्या, तां पाण्यात फुगता!"

"थोडं फुगणारच की."

"थोडां? शाफ्टाक मिठी मारून बसतला. मगे काय करतलस? इंजिनाक काडीमोड घेवक सांगतलस?"

दुकानातले सगळे हसले. दुकानदार सगळ्यात जोरात. गिऱ्हाईक मी होतो, हे त्याच्या लक्षात नसावं.

मी गनमेटलवर, म्हणजे तांब्या-कथिलाच्या मिश्रधातूवर, आलो. आजोबांनी मांडणीवरचा एक बुश उचलला, नखाने टिचकी मारली, कानाशी धरला. "चांगलो आसा. पण तुमच्या खाडयेत पाणी आसा की चिखल?"

वेसाव्याचा मला अभिमान आहे, पण खोटं बोलवेना.

मग त्यांनी खिशातून सुपारीचं खांड काढलं, माझा तळहात ओढून त्यावर ठेवलं आणि अंगठ्याने दाबून गडगडवलं. "हो रबराचो बुश, सुपारी म्हणजे चिखलातलो कण. कण दबता, फिरता, खाचेत पडता, पाण्याबरोबर भायर." नंतर तेच खांड दुकानाच्या काचेवर घासलं. कर्रर्र. "ह्यां गनमेटल. कण रुततलो आणि तुझो शाफ्ट खरवडतलो." तळहात लाल झाला माझा, रेघ उठली दुकानदाराच्या काचेवर. पण ओरडा मलाच.

"खरो बुश लाकडाचो!" आजोबा आता रंगात. "लिग्नम व्हायटी! पाण्यात बुडता असां लाकूड. आगबोटींक तेचेच बुश. आतली राळच वंगण." ३२ वर्षं गोदीत काढलेला माणूस, अर्धा तास त्या लाकडाचं कौतुक ऐकलं. शेवटी म्हटलं, तेच घेतो.

"आता खंय गावतला?"

मग रबराच्या बुशाचा भाव विचारला. पितळी कवच, आत रबर. मे महिन्यात याच दुकानात सांगितलेल्या भावाच्या दीडपट! दोन महिने होडी किनाऱ्यावर, कमाई शून्य. आणि नेमके याच दोन महिन्यांत रंग, फळ्या, जाळी, लेथवाला, सगळ्यांना भाव चढतो. आमची बंदी ही यांची दिवाळी. हे मी दुकानदाराला सुनावणारच होतो.

"शाफ्ट केवढो?" आजोबांनी विचारलं.

"दोन इंची."

"नवो आसताना की झिजल्यार?"

मी काचेवरच्या रेघेकडे बघत राहिलो. शाफ्ट मोजलाच नव्हता. झिजलेल्या शाफ्टावर नवा बुश म्हणजे पुन्हा तोच वरवंटा. रिकाम्या हाताने निघालो, तर मागून हाक आलीच. "आणि रबराक ग्रीस लावू नको हां! साबणाच्या पाण्यान बसव!"

मी वळूनही पाहिलं नाही. रे रोडच्या फलाटावर पोचल्यावर, ओळखीचं कोणी नाही ना बघून, मोबाइलमध्ये लिहून घेतलं: साबण.