स्प्लेंडरची टायमिंग चेन एक दात पुढे घेतल्याने पिकअप वाढत नाही

व्हॉट्सॲपवर सध्या एक संदेश जोरात फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: स्प्लेंडर किंवा तिच्या जातीची शंभर सीसीची गाडी ओढत नसेल तर टायमिंग चेन (पिस्टनला जोडलेल्या क्रँकवरून, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला फिरवणारी साखळी) सैल झाली असे समजावे, इंजिनाच्या वरच्या भागाचे म्हणजे हेडचे गोल झाकण उघडून चेन कॅमच्या चाकावर एक दात पुढे घ्यावी, म्हणजे पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही वाढतात, इंजिन सुरू झाले की टायमिंग बरोबर बसले, आणि गाडी बीएस6 असेल तर एवढेही करायला नको, बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर सगळे सांगतो. रोज पहाटे दूध घालायला जाणारा माझा मामेभाऊ हा संदेश दाखवून मेकॅनिककडून गाडी उघडून घ्यायला निघाला होता, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

‘ओढत नाही म्हणजे चेन’ हे निदानच उतावीळपणाचे आहे. एअर फिल्टर तुंबलेला असतो, क्लच घसरत असतो, ब्रेक चिकटून ड्रम तापलेला असतो, टॅपेट घट्ट झालेले (व्हॉल्व्हवरची फट कमी झालेली) असतात. ही सारी कारणे इंजिन न खोलता किंवा अगदी थोडे उघडून तपासता येतात. यात अर्धे सत्य आहे ते नाइलाजाने मान्य करतो. चेन झिजली की तिची ओढणारी बाजू लांबते, कॅम क्रँकच्या किंचित मागे पडतो आणि खालच्या आरपीएमला दम कमी होतो. चेन ताणून धरणारा टेन्शनर फक्त दुसऱ्या बाजूचा ढिलेपणा आवरतो, मागे पडलेला कॅम तो पुढे आणत नाही. पण हे मागे पडणे किती असते? छोट्या मोटरसायकलींत सर्रास दिसणाऱ्या 25 नंबरच्या चेनची पिच (लगतच्या दोन पिनांमधले अंतर) पाव इंच, म्हणजे 6.35 मिलिमीटर असते. पुरता एक दात मागे पडायला एकटी ओढणारी बाजू तेवढी लांबावी लागेल, आणि तेवढी झिजण्याच्या कितीतरी आधी चेनची खडखड साऱ्या गल्लीला ऐकू येईल. अशा चेनवर इलाज नवी चेन हाच आहे.

आता त्या ‘एक दात पुढे’विषयी, कारण या संदेशातील सर्वांत घातक ओळ तीच आहे. कॅमच्या चाकाला 34 दाते धरले तर एक दात म्हणजे कॅमचे सुमारे 10.6 अंश होतात. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, त्यामुळे क्रँकच्या हिशेबाने हा फरक 21 अंशांहून अधिक भरतो. शर्यतीची इंजिने बांधणारे लोक यासाठी मुद्दाम सरकवता येणारे चाक बसवतात आणि दोन-चार अंशांवर घासाघीस करतात. इथे एका फटक्यात 21 अंश सुचवले जात आहेत. एवढा कॅम पुढे गेला की जळालेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह फार लवकर उघडतो आणि पिस्टनला ढकलायचा वायू काम अर्धवट टाकून सायलेन्सरमध्ये जातो; हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह लवकर मिटल्याने वरच्या आरपीएमला इंजिनाचा श्वास कोंडतो. शिवाय इनटेक लवकर उघडत असल्यामुळे तो वर आलेल्या पिस्टनच्या आणखी जवळ जातो, आणि हे अंतर संपले तर व्हॉल्व्ह वाकतो. मग पिकअपचा प्रश्न राहत नाही, हेड उतरवण्याचा खर्च राहतो.

हा समज आला कुठून, तेही दिसते. कार्ब्युरेटरवाल्या मारुती 800 मध्ये डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून ठिणगी थोडी आधी पाडली की गाडी हलकी वाटायची, आणि त्यालाही ‘टायमिंग पुढे घेणे’ असेच म्हणत. ते ठिणगीचे टायमिंग होते. स्प्लेंडरमध्ये ठिणगीची वेळ क्रँकच्या टोकावरच्या मॅग्नेटजवळ असलेल्या पल्सर नावाच्या सेन्सरवरून ठरते. कॅमची चेन कितीही सरकवली तरी ही वेळ जागची हलत नाही.

‘सुरू झाले म्हणजे बरोबर’ हे तर संदेशाच्या पहिल्याच वाक्याशी भांडते, कारण न ओढणारी गाडीही सुरू होतच असते. एका दाताने चुकलेले इंजिन पुष्कळदा सुरू होते, रेसही घेते, आणि चढावर मान टाकते. तपासण्याची खरी रीत होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलांत टॅपेटच्या पानावर वर्षानुवर्षे छापलेली आहे: इंजिन 35 अंश सेल्सिअसच्या खाली थंड असावे, डाव्या कव्हरवरची दोन्ही टोपणे काढावीत, क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून मॅग्नेटवरची T ही रेषा खुणेवर आणावी, आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असल्याची खात्री करावी. गोंधळ इथेच होतो. T च्या आधी F ची रेषा येते, ती ठिणगीची. घाईत तिच्यावर थांबून खुणा जुळवणारे अनेक आहेत. T देखील प्रत्येक फेऱ्याला येते, पण कॉम्प्रेशन एकाआड एक फेऱ्याला असते. त्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याने ते दाबणारे दोन्ही रॉकर हाताला किंचित सैल लागतात. मग कॅमच्या चाकावरची खूण हेडवरच्या खाचेसमोर आहे की नाही ते पाहावे. T पुढे निघून गेली तर क्रँक मागे ओढू नये, कारण चेनचा ढिलेपणा उलट्या बाजूला जातो आणि खूण खोटी दिसते. त्याच दिशेने आणखी दोन फेरे द्यावेत.

राहिला स्कॅनर. क्रँक आणि कॅम दोन्हींचे सेन्सर असलेल्या मोटारीत ताळमेळ बिघडल्यास पी0016 सारखा कोड येतो, हे खरे. एका सिलिंडरच्या छोट्या मोटरसायकलींत बहुधा कॅमचा सेन्सरच नसतो, त्यामुळे कोड नाही याचा अर्थ टायमिंग ठीक असा होत नाही. तिथे ते गोल झाकण उघडावेच लागते, आणि परत बसवताना त्याची रबरी ओ-रिंग नवी घ्यावी, नाहीतर आठवड्याभरात तिथून तेल पाझरू लागते.