जावईबापू जेवले का?

कुत्रा भूक लागली की जेवतो, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. कुत्रा आग्रह केला की जेवतो. तेव्हा भांडं खाली ठेवून निघून जाऊ नका. समोर मांडी घालून बसा आणि अधिक महिन्यात जेवायला आलेल्या जावयाकडे बघावं तसं त्याच्या तोंडाकडे बघत राहा. त्याने हुंगून मान फिरवली रे फिरवली, की लगेच स्वयंपाकघराकडे धावा. धावण्यात उशीर झाला तर त्याला वाटेल, हेच खायचं आहे!

आमच्या नौपाड्यातल्या बंड्याला आम्ही असंच घडवलं. सुरुवात कोरड्या दाण्यांनी. मग दाण्यांवर दही. मग चिकनचं पाणी, मग चिकनच. पंधरवड्यात तो चिकन चाटूनपुसून खाऊन एकेक दाणा लादीवर काढून ठेवू लागला, तांदळातले खडे वेचावेत तसा. कुत्र्याच्या जिभेवर स्वादकलिका जेमतेम १,७००, आपल्या ९,०००च्या घरात. पण नाक असं, की फ्रिजमधलं कालचं चिकन तो दारातूनच नाकारतो. आम्ही तेच मुकाट्याने खातो.

पशुवैद्य म्हणतात, भांडं पंधरा-वीस मिनिटं ठेवा, खाल्लं नाही तर उचला आणि पुढच्या वेळेपर्यंत काही देऊ नका. ऐकवतं तरी का? शिवाय म्हणे, वरचा खाऊ दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांत बसवा. बसवा की, फक्त आकडा उलटा धरा. आजोबांच्या चहातली ग्लुकोज बिस्किटं, धाकटीच्या डब्यातलं चीज, तलावपाळीच्या फेरीत ओळखीच्यांनी पुढे केलेलं टोस्ट. इतकं झाल्यावर रात्री तो भांड्याला तोंड लावत नाही, तेव्हा 'बिचारा उपाशी झोपतोय' असं म्हणून डोळे पुसायचे.

(कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट मात्र थट्टेतही देऊ नका. रश्श्यातलं चिकन धुऊन दिलं तरी कांदा त्यात उतरलेला असतोच. आणि एरवी ताव मारणारं कुत्रं अचानक दिवसभर अन्नाला शिवलं नाही, मलूल पडलं, तर तो नखरा नव्हे. तडक दवाखाना गाठा.)

आम्हीही गाठला होता. 'दोन दिवस अन्नाचा कण नाही हो,' असं सांगत बंड्याला काट्यावर चढवला. डॉक्टरांनी काटा पाहिला, जुना कागद पाहिला, मग आम्हाला पाहिलं. दोन किलो वाढला होता.

त्याच रात्री पट्टा हातातून सुटला. बंड्या सापडला वॉचमनच्या केबिनमागे, सोसायटीतल्या भटक्या काळूच्या थाळीत तोंड घालून. दुपारची शिळी, वाळून कडक झालेली पोळी कडाकडा मोडून खात होता. शेपटी हलत होती. कुणी आग्रह करत नव्हतं.

आम्ही सकाळी सकाळीच खाली जाऊन वॉचमनला विचारून आलो, 'दळण कुठल्या गिरणीतून आणता?'