भाव ठरल्यावर 'कार्डावर दोन टक्के' कसले?

भाव ठरतो. घासाघीस होऊन आकडा पक्का होतो, वस्तू खोक्यात जाते, बिल छापून येतं. मग पाकिटातून कार्ड बाहेर निघालं की गल्ल्यावरचा माणूस मान वर न करता म्हणतो, "कार्डावर दोन टक्के एक्स्ट्रा लागतील." पुण्यात तापकीर गल्लीत मोबाइल घ्या, नाना पेठेत गाडीचे पार्ट घ्या, लक्ष्मी रस्त्यावर शालू घ्या नाहीतर सोनं, हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच. आणि ते इतक्या सरावाने म्हटलं जातं की समोरच्याला वाटतं, हा सरकारी नियमच असावा. असा काहीही नियम नाही. दोन टक्क्यांपेक्षा जास्त संताप या सराईतपणाचा येतो.

हे पैसे मुळात कशाचे? कार्ड मशीनवर व्यवहार झाला की दुकानदाराच्या खात्यात पूर्ण रक्कम येत नाही. बँक त्यातून एमडीआर, म्हणजे मर्चंट डिस्काउंट रेट, कापून घेते. कापलेल्या पैशांतला मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेला जातो, थोडा कार्डाचं जाळं चालवणाऱ्या व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेला, आणि उरलेला मशीन बसवणाऱ्या बँकेला. हा दुकानदाराचा धंद्याचा खर्च आहे. गाळ्याचं भाडं, लाइट बिल, कामाच्या मुलांचे पगार, तसाच हाही. रोखीलाही खर्च लागतोच की. मोजायला माणूस लागतो, सुट्ट्यांची मारामार असते, बँकेत भरायला जावं लागतं, चालू खात्यात ठरावीक मर्यादेपुढे रोख भरली की बँक त्याचेही पैसे लावते. तेव्हा मात्र नोटा देणाऱ्याकडून मोजणावळ कुणी मागत नाही. मग कार्डवाल्यालाच का नाडायचं?

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे 'कार्ड' हा एकच शब्द वापरून डेबिट आणि क्रेडिट एका माळेत ओवायचं. डेबिट कार्डाबाबत नियम अगदी स्वच्छ आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळवलं होतं की डेबिट कार्डाने पैसे देणाऱ्याकडून जादा आकार घेणं मान्य नाही आणि असं करणाऱ्या दुकानाशी बँकेने संबंध तोडायला हवेत. डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात पुन्हा बजावलं की दुकानदार एमडीआर ग्राहकाच्या माथी मारणार नाही याची खात्री बँकांनी करायची. त्याच परिपत्रकाने १ जानेवारी २०१८ पासून डेबिटच्या एमडीआरला मर्यादा घातली. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानाला मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, तेही एका व्यवहारामागे २०० रुपयांच्या वर नाही. त्याहून मोठ्या दुकानाला ०.९० टक्के, कमाल १००० रुपये. आणि १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर एमडीआर शून्य. शून्य! म्हणजे रुपे डेबिट कार्डावर दोन टक्के मागणारा माणूस कुठलाही खर्च वसूल करत नसतो. तो सरळ तुमच्या खिशात हात घालत असतो.

क्रेडिट कार्डाचं वेगळं आहे. तिथे रिझर्व्ह बँकेने एमडीआरवर कमाल मर्यादा घातलेली नाही, दर बँक आणि दुकानदार यांच्यात ठरतो. साधारण दीड ते अडीच टक्के, वर जीएसटी. पण मशीन घेताना दुकानदार बँकेशी जो करार करतो, त्यात सहसा हे कलम असतंच की कार्डधारकाकडून इतरांपेक्षा जास्त किंमत घ्यायची नाही. सही करताना ते चालतं, मशीन आलं की विसरायला होतं.

आता हिशेब मांडू, कारण "आम्हाला काही सुटत नाही हो यात" हे पुढचं ठरलेलं वाक्य. बिल ५२,५०० चं. गल्ल्यावर कॅल्क्युलेटर उलटा फिरवून तुमच्यासमोर धरला जातो, गुणिले १.०२, उत्तर ५३,५५०. तुम्ही १,०५० रुपये जादा दिले. दुकानाचा क्रेडिटचा दर १.८ टक्के धरला, तर बँक कापणार ९६३ रुपये ९० पैसे. दुकानदाराचे ८६ रुपये सुटले. मोठ्या दुकानात रुपे नसलेलं साधं डेबिट कार्ड असेल तर बँक कापणार जास्तीत जास्त ४८१ रुपये ९५ पैसे, म्हणजे सुटले ५६८. आणि रुपे डेबिट असेल तर पूर्ण १,०५० गल्ल्यात. कार्ड कुठलं आहे हे तो हातात घेऊन बघतसुद्धा नाही, कारण त्याला फरक पडत नाही. तिन्ही वेळा त्याचा फायदाच आहे.

"पण वर १८ टक्के जीएसटी लागतो ना, म्हणून २.३६ घेतो," असंही सांगणारे आहेत. पहिलं म्हणजे, नियमित जीएसटी भरणाऱ्या दुकानदाराला एमडीआरवरच्या या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम त्याच्या स्वतःच्या भरायच्या करातून वजा होते. तो त्याच्या अंगावर पडतच नाही. कंपोझिशनवाल्याला, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला, ते मिळत नाही, हे खरं. दुसरं म्हणजे, २००० रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहारावर बँकेच्या या सेवेला जीएसटी माफ आहे. तेव्हा १,४०० च्या बिलावर 'दोन टक्के प्लस जीएसटी' मागणं ही शुद्ध लबाडी आहे. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. दुकानदाराने विक्रीसोबत घेतलेला असा आकार जीएसटी कायद्याच्या हिशेबाने विक्रीच्या किमतीतच धरला जातो. म्हणजे तो बिलात दिसला पाहिजे आणि त्यावर त्या वस्तूच्या दराने कर भरला गेला पाहिजे. बिलात तो कधी दिसतो का? बिल ५२,५०० चं आणि मशीनची स्लिप ५३,५५० ची. मधले १,०५० हिशेबात कुठे गेले? काही हुशार लोक तर एवढाही पुरावा ठेवत नाहीत. बिलाएवढीच रक्कम स्वाइप करतात आणि म्हणतात, "वरचे तेवढे जीपे करा."

सीलबंद मालाचं तर आणखी सोपं आहे. खोक्यावर एमआरपी छापलेली असते, सर्व करांसह. त्याच्या वर एक रुपयाही घेता येत नाही. एमआरपीच्याच भावाने विकलेल्या मिक्सरवर दोन टक्के चढवले की ती एमआरपीपेक्षा जास्त दराने विक्री झाली. त्याची तक्रार वैधमापनशास्त्र विभागाकडे, म्हणजे वजन-मापं आणि छापील किमती तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, करता येते.

पेट्रोल पंपाचं उदाहरण कुणीतरी तोंडावर फेकतंच. तिथला कार्डावरचा एक टक्का अधिभार उघड आहे, बऱ्याच कार्डांवर तो परतही मिळतो. फक्त त्यावरचा जीएसटी परत येत नाही. दोन हजारांच्या पेट्रोलवर अधिभार २० रुपये, जीएसटी ३ रुपये ६० पैसे. वीस परत, साडेतीन गेले. तेही खटकतंच, पण निदान स्टेटमेंटवर लिहिलेलं असतं.

आणि ग्राहकांनीही जरा हिशेब करावा. पॉइंट्स मिळतात म्हणून हे दोन टक्के निमूटपणे देणारे खूप आहेत. बऱ्याचशा साध्या कार्डांवरच्या पॉइंटांची किंमत खर्चाच्या एक टक्क्याच्या आत-बाहेर असते. दोन देऊन एक घेणं हा कुठला व्यवहार? 'पैसे दीड महिन्याने द्यायचे' हेही समाधान खोटं आहे. ४५ दिवसांच्या उधारीला दोन टक्के म्हणजे वर्षाला सोळा टक्क्यांच्या वर व्याज झालं. वस्तू परत करायची वेळ आली तर आणखी मनस्ताप. दुकानदार बिलाचे ५२,५०० परत करतो आणि वरचे १,०५० "बँकेने कापले" म्हणून जातात. त्याच दिवशी, मशीनचं सेटलमेंट (दिवसाचा हिशेब बँकेकडे जाणं) व्हायच्या आधी व्यवहार व्हॉइड, म्हणजे रद्द, केला, तर बँक सहसा काही कापत नाही. हे त्याला पक्कं ठाऊक असतं, तुम्हाला नसतं.

छोट्या दुकानदाराची अडचण खरी आहे, ती नाकारायची नाही. मोबाइलसारख्या मालात मार्जिन इतकं पातळ असतं की दोन टक्के गेले की उरतं काय, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर प्रामाणिक मार्गाने देता येतं. क्रेडिट कार्ड घेऊ नका, दारावर तशी पाटी लावा, यूपीआय घ्या, फुकट आहे. नाहीतर खर्च किमतीत धरा आणि रोखीने देणाऱ्याला उघडपणे सूट द्या. लिहिलेल्या भावावर सूट देणं वेगळं आणि ठरलेल्या भावावर वाढ करणं वेगळं. पहिल्यात गिऱ्हाईक आधी सगळं बघून ठरवतं. दुसऱ्यात त्याला सगळं बांधून झाल्यावर, मागे रांग उभी असताना, कोंडीत पकडलं जातं.

म्हणून भाव करतानाच विचारा, "कार्डावर हाच भाव ना?" शेवटी विचारलंत तर तुमचा जोर संपलेला असतो. डेबिट असेल तर ठाम नकार द्या. क्रेडिट असेल आणि तो हटतच नसेल, तर म्हणा, "बिलात कार्ड चार्जेस म्हणून लिहा आणि त्यावर जीएसटी लावून द्या." बहुतेक ठिकाणी इथेच आवाज खाली येतो. मशीनच्या स्क्रीनवरचा आकडा वाचल्याशिवाय पिन दाबू नका. एकदा पिन दाबला की रक्कम तुम्ही मान्य केली असं धरलं जातं आणि मग तुमची बँक हात वर करते.

तक्रारही लोक चुकीच्या दारात नेतात. स्वतःच्या बँकेत जाऊन काही होत नाही. ज्या बँकेचं मशीन आहे तिच्याकडे जायचं. स्लिपवर सगळ्यात वर तिचं नाव असतं, खाली एमआयडी आणि टीआयडी, म्हणजे दुकानाचा आणि त्या मशीनचा क्रमांक. बिल आणि स्लिप शेजारी ठेवून लगेच फोटो काढा, कारण तो थर्मल कागद काही महिन्यांत पांढरा पडतो. दोन आकड्यांतला फरक हाच तुमचा पुरावा. बँकेला लेखी कळवा, तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर जा, माहितीसाठी १४४४८ वर फोन करा. दुकानाविरुद्ध ग्राहक हेल्पलाइन १९१५.

या बँकांवर तर सगळ्यात जास्त राग आहे. आपल्याच मशीनवर रोज काय चालतं हे त्यांच्या माणसांना ठाऊक नाही, यावर कोण विश्वास ठेवेल? दुकान तोडलं तर धंदा शेजारच्या बँकेकडे जाईल, म्हणून सगळे डोळे मिटून बसलेत. २०१३ पासून दुकानाशी संबंध तोडायचा अधिकार हातात आहे. आपल्या पेठेतल्या किती दुकानांतलं मशीन या कारणासाठी उचलून नेलेलं तुम्ही पाहिलंय?