आधी आवळा, मग सोडा

स्क्रू माझ्या हातून मोडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका अख्ख्या गल्लीचा तसा समज झालेला आहे.

माझी स्कूटर २००८ ची. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावायची, म्हणून साडेचारशे रुपये आणि वर जीएसटी भरून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून केंद्रावर गेलो. डावा स्क्रू निघाला. उजव्याचा स्टार मी गोल करून टाकला, हे कबूल. पण मुंडकं तोडलं ते तिथल्या पोरानं, छिन्नी लावून. जुनी प्लेट हातात आली, स्क्रूचं धड मात्र मागच्या पट्टीच्या नटात तसंच. पोरगं म्हणालं, "काका, भोक मोकळं करून आणा." मी एकेचाळीस वर्षांचा आहे. काका!

दोष खरं तर पंचगंगेचा. २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या आमच्या बोळात ही गाडी पाण्यात उभी होती. लोखंड गंजलं की फुगतं, गंजाला लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. आट्यांमध्ये एवढी जागा कुठली असायला? मग स्क्रू आणि नट एकमेकांना धरून बसतात, जुन्या भाडेकरूसारखे.

दहा नंबरचे दोन बोल्ट काढून मी अख्खी पट्टीच सोडवली (ते बोल्ट मुकाट्यानं निघाले, त्यांना कुणी बघत नव्हतं ना) आणि उद्यमनगर गाठलं. शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत लोखंडाचं पाणी करणारं हे गाव, इथं सहा मिलिमीटरचा स्क्रू म्हणजे किस झाड की पत्ती. पण वेल्डिंगवाला जेवायला गेलेला. दुकानाच्या पायरीवर एक आप्पा बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर पेपर. त्यांनी पेपर खाली ठेवला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"काय मोडलासा?"

"मी नाही मोडला. स्क्रू आहे."

"स्क्रू आपणहून मोडतोय व्हय?" पट्टी हातात घेऊन त्यांनी ती उन्हात धरली, डॉक्टर एक्सरे धरतात तशी. "आवळला हुतासा का आधी?"

"आवळायचा कशाला? काढायचाय."

आप्पांनी डोळे मिटले. मग शेजारच्या चहाच्या गाड्याकडं तोंड करून म्हणाले, "बघ रं, आवळला न्हाई म्हणत्यात." गाड्यावरचे तिघं माझ्याकडं बघायला लागले.

"आवं, खासबागंत कुस्ती बघितलीसा का कधी? समोरचा जमिनीला चिकटून बसला, तर पैलवान त्येला एकदम उचलतोय व्हय? आधी दाबतोय. खालचा वर रेटायला लागला की त्येच्याच जोरावर उलटा! स्क्रूचं बी तेच. आधी पाव आटा आवळायचा, गंज कड्कन तुटतोय. मग सोडायचा."

"मी तेल मारलं होतं," मी म्हणालो.

"कसलं?"

"डब्ल्यूडी-४०."

"किती येळ?"

"पाच मिनिटं."

गाड्यावरचा एक जण हसला. त्या तेलाच्या नावातला चाळीस म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण, १९५३ सालचं. हे मला पाठ आहे. माझा तर दुसराच प्रयत्न होता. पण हे त्यांना सांगून काय उपयोग?

"ड्रिल मारून इझी-आउट लावली तर?" मी जरा जाणकार आवाजात विचारलं. (मोडक्या स्क्रूत भोक पाडून त्याला बाहेर ओढायचं, उलट्या आट्यांचं हत्यार ते.)

"लावा की. आत मोडली म्हंजे मग या माझ्याकडं. इझी-आउटला साधं ड्रिल खात न्हाई. स्क्रूचं दुखणं परवडलं, पण त्यो इलाज नगं." मग त्यांनी माझे हात बघितले. उलटे करूनही बघितले. "कुठपर्यंत शिकलासा?"

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. पदवी फ्रेम करून आईनं दाराशेजारी लावलीय. गेली सतरा वर्षं मी संगणकासमोर बसतो हा भाग वेगळा.

"कॉमर्स," मी म्हणालो.

"तरीच." आप्पांचं समाधान झालं. मी जन्मभर कॉमर्स शिकल्यासारखा मान खाली घालून बसलो.

वेल्डिंगवाला आला. विशीतला पोरगा, एक शब्द बोलला नाही. पट्टी व्हाइसमध्ये धरली, बाहेर डोकावणाऱ्या तुकड्यावर एक नट ठेवला, नटाच्या भोकातून वेल्डिंग भरलं. लाली उतरू दिली. पान्हा लावला आणि आधी किंचित आवळला. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी पट्टीकडं बघितलं. मग पोरानं सोडला, आणि स्क्रू लोण्यातून यावा तसा बाहेर आला. पन्नास रुपये.

केंद्रावर फोन केला तर, "तुमची वेळ गेली, ऑनलाइन नवी तारीख घ्या." तारीख मिळाली अकरा दिवसांनंतरची. माझ्या नंबराची तयार प्लेट त्यांच्या खोक्यात पडून आहे, भोक मोकळं आहे, माणूस दोन किलोमीटरवर उभा आहे. पण तारीख नाही! रजा माझी गेली, स्क्रू त्यांच्या छिन्नीनं मोडला, आणि उशीर झाला म्हणे मला. नव्या प्लेटचं लॉक तर एकदा बसलं की निघतच नाही म्हणतात. हे बरंय. निघतो म्हणून फसवणार तरी नाही.

तोवर जुनी प्लेट लावणं भाग होतं. वेल्डिंगवाल्यानं दिलेल्या तारेनं ती मी पट्टीला बांधत होतो. आप्पा उठून मागं येऊन उभे राहिले. वाकून तारेचा पीळ बघितला, बोटानं ओढून बघितला.

"कॉमर्सच्या मानानं बरी बांधलासा," ते म्हणाले आणि पेपर उघडून बसले.